टेंभ्याचं घर

"नाय म्हंजे नाय. देवीचं सोंग आपलं नाय."

"सोंग काय कुणाच्या बापाचं असतं का?"

"असतं! तेच तर सांगतोय मघापासनं. बापाचंच असतं. बापाच्या बापाचं असतं."

"बा, हे नाशिक आहे."

"मग? नाशकात आल्यावर देवी बदलती का?"

"देवी नाही बदलत. माणसं बदलतात. म्हणजे, ज्यांना बदलायचं असतं ती."

शेवटचं वाक्य रोशनीनं मुद्दाम थांबून टाकलं. वाक्य कुठं थांबवायचं आणि कुठं टाकायचं हे ती ज्या ग्रुपमध्ये शिकली, त्या ग्रुपपायीच हे भांडण पेठ रोडच्या दोन खोल्यांत सकाळपासून पेटलं होतं. पुंजा भोये नर्सरीत जायला निघालेला, एका पायात चप्पल, दुसरी हातात. रोशनी कॉलेजला निघालेली, केस अर्धे विंचरलेले. आणि मधे चुलीच्या जागी आलेल्या शेगडीपुढं तिची आई आशा, नागलीची भाकरी थापत.

"आधी खाऊन घ्या, मग भांडा," आशा म्हणाली. "उपाशीपोटी दोघांचाबी आवाज लय चिरका लागतो."

"आन् बाईमाणूस सोंग धरतं का कुठं?" पुंजानं चप्पल हलवत विचारलं.

"देवी बाई आहे, बा!"

"देवी बाई हाय. तिला नाचवणारा बाप्या असतो."

"वा! म्हणजे बाईचं कामसुद्धा बाप्यालाच."

आशा तव्याकडे तोंड करून हसली. पुंजाला ते दिसलं. म्हणून तो आणखीच चिडला.

भांडण कशाचं ते कळायला त्यांच्या गावी जावं लागेल. पेठ ओलांडून डोंगरात शिरलं की ते गाव. होळी झाली की तिथं बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून, संबळ-पिपाणीच्या तालावर रात्रभर एकेक देव नाचत येतो. त्याला सोंग म्हणतात. मुखवटा म्हणजे सोंग आणि तो धरणारा माणूस म्हणजेही सोंगच. ही सोंगं घरांना वाटून दिलेली. गणपती एका घराचा, नरसिंह दुसऱ्या घराचा. सगळ्यात शेवटी येऊन महिषासुराला लोळवणारी देवी भिका गावितांच्या घराची. भोयांच्या वाट्याला मुखवटाच आला नव्हता. भोयांचं घर टेंभ्याचं. तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा टेंभा पेटवून भोयांचा माणूस सोंगाच्या पुढ्यात, सोंगाकडे तोंड करून, उलटा चालतो. देवाच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे म्हणून. मागचा खड्डा त्याला दिसत नाही आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याला नियम एकच, सोंगाला पाठ दाखवायची नाही. पुंजा नाशकात येऊन गुलाबाच्या रोपांवर डोळे भरायला, म्हणजे कलमं बांधायला लागला, पोरीला कॉलेजात घातलं, घरी फ्रीज आणला. तरी होळीनंतर मालकाकडे सुट्टी मागून तो उलटं चालायला गावी जायचाच.

लहानपणी रोशनी त्याच्या मागं मागं असायची, मागून खड्डा आला तर ओरडून सांगायला. तिथून तिला देवीचा चेहरा सगळ्या गावाहून स्पष्ट दिसायचा. देवीचं एकूण एक पाऊल तिला पाठ झालं ते तिथंच.

"बा," ती आता हळू बोलली. "आजोबा उजेड धरून मेले. तू धरतोयस. एकदा तरी उजेड माझ्या तोंडावर पडू दे."

पुंजानं दुसऱ्या पायात चप्पल घातली. डबा उचलला. "नाय जमायचं," म्हणाला आणि निघून गेला. पण नेहमीसारखं दार आपटलं नाही.

आता तो ग्रुप. नाव ओसरी युवा मंच. 'ओसरी सगळ्यांची' असं त्यांच्या टी-शर्टवर छापलेलं. ही सगळ्यांची ओसरी गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या तळघरात होती आणि बंगला योगिनीच्या आईचा. मंच काढला योगिनीच्या आजोबांनी. नाटकं बसवायचा अमितदादा, कारण त्याचे वडील आजोबांचे पट्टशिष्य. संगीत रुद्र द्यायचा, कारण त्याच्या मावशीकडे रेकॉर्डिंग स्टुडिओ. इतक्या योगायोगांनी खचाखच भरलेल्या खोलीत रोशनी पहिल्या वर्षाला असताना शिरली, कॉलेजातल्या एका नाट्यवाचनात तिचा आवाज ऐकून अमितदादानं बोलावलं म्हणून.

"इथे बॅकग्राउंड कुणी बघत नाही हां," अमितदादानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "इथे फक्त माणूस. चला, गोलात बसा. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि घरात कला कुणाकडून आली ते सांगायचं."

गोल फिरला. एकाची आजी रेडिओवर गायची. एकीचे काका मालिकांमध्ये न्यायाधीश होतात. एकाच्या घरी फक्त वडील डॉक्टर होते, तर तो इतका ओशाळला की बाकीच्यांनी त्याला धीर दिला, 'मेडिसिन पण आर्टच आहे रे.' योगिनीनं नुसतं "मी योगिनी" म्हटलं आणि भिंतीकडे पाहिलं. तिथं हार घातलेल्या फोटोत आजोबा होते. पुढचं त्यांनी सांगितलं.

"मी रोशनी भोये. वडील नर्सरीत गुलाबाचे डोळे भरतात. गावी बोहाड्यात टेंभा धरतात."

"आईशप्पथ," कुणीतरी म्हणालं. "किती रॉ!"

त्या दिवसापासून दोन वर्षं रोशनी रॉ राहिली. कच्च्या मालाचं जे करतात तेच तिचं केलं, कोपऱ्यात रचून ठेवली. तिनं कामवाली केली. पुढच्या नाटकात दुसरी कामवाली. मग जमाव. एकदा झाड. झाडाला संवाद नव्हता, पण 'प्रेझेन्स' होता असं अमितदादा म्हणाला. सिटी बस चुकून ती उशिरा आली की शिस्तीवर भाषण व्हायचं आणि सगळे मान हलवायचे. रुद्र दुबईला फिरायला गेला आणि तालमींना आलाच नाही, तेव्हा भाषण झालं नाही. "रुद्र काय, घरचाच आहे," अमितदादा म्हणाला. घरचं नसणं हा गुन्हा आहे असं कुणीच तिला म्हणालं नाही. शिक्षा मात्र बरोबर वेळेवर मिळायची.

ती तरी का टिकून राहिली? कारण कधीतरी झाडाला बोलायला मिळेल असं तिला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर त्या गोलात बसायला मिळतं याचाच तिला अभिमान वाटायचा. ओसरीचा टी-शर्ट घालून ती पेठ रोडच्या स्टॉपवर उतरायची तेव्हा गल्लीतल्या पोरी बघायच्या. तो टी-शर्ट ती उलटा करून धुवायची, छपाई जाऊ नये म्हणून. त्यांच्यासारखं 'ॲक्च्युअली' म्हणायला शिकली. घरी आईला एकदा म्हणाली, तर आशा म्हणाली, "घशात काय अडकलं?"

मग अमितदादानं मोबाईलवर बोहाड्याचं रील पाहिलं.

"मित्रांनो! युवा महोत्सवात आपण बोहाडा करायचा. आणि आपल्याकडे रोशनी आहे!" कपाटात मागं पडलेली वस्तू ऐनवेळी सापडावी तसा तो ओरडला.

दोन वर्षं कोपऱ्यातली पोरगी एका दुपारीत खोलीच्या मधोमध आली. तिनं संबळाच्या चाली दाखवल्या. कुठल्या सोंगाला कुठलं पाऊल ते दाखवलं. चहाच्या वेळी सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून बसले, तेव्हा तिला चढलंच. तिनं घराघरांची वाटणी रंगवून सांगितली. बापाची नक्कल केली. एक हात वर, मान ताठ, ढुंगण मागं काढून उलटं चालणारा पुंजा, आणि मागचा दगड लागल्यावर त्यानं देवीसमोरच हासडलेली शिवी. "आमचं घर टेंभ्याचं! मुखवटा आमच्या नशिबातच नाही!" खोली हसून हसून लोळली. अमितदादानं ते मोबाईलवर टिपून घेतलं.

"देवी तूच," तो डोळे पुसत म्हणाला. "दुसरं कोण करणार?"

ते ऐकून ती घरी गेली आणि दुसऱ्या सकाळी ते भांडण झालं.

बापाशी बोलणं बंद झालं. रविवारी पुंजा अंधार असतानाच कुठंतरी गेला आणि दिवेलागणीला परत आला. रोशनीनं विचारलं नाही. आशाला विचारावं तर ती म्हणाली, "मला सांगून जातो व्हय तो?" आणि त्या आठवड्यात आशा उपास धरते आहे हेही रोशनीच्या ध्यानात आलं नाही. तिच्या पायांत देवीची पावलं होती. बसस्टॉपवरसुद्धा टाचा आपोआप उचलल्या जायच्या.

त्या आठवड्यात योगिनीची आई तालीम बघायला खाली उतरली. वेताच्या खुर्चीत बसून तिनं रोशनीची देवी शेवटपर्यंत पाहिली. "छानच," ती म्हणाली. "फक्त शेवटी ना, थोडा ग्रेस हवा. नाही का रे, अमित?"

अमितला एका रात्रीत ग्रेसची मोठी उणीव जाणवायला लागली. पण तसं सरळ सांगितलं तर ती ओसरी कसली? दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना गोलात बसवलं.

"मित्रांनो, एक ऑथेंटिसिटीचा मुद्दा आहे. मी रात्रभर झोपलो नाही."

त्यानं मोबाईल पुढं धरला आणि बटण दाबलं. खोलीत रोशनीचाच आवाज घुमला. 'आमचं घर टेंभ्याचं! मुखवटा आमच्या नशिबातच नाही!' मागून हशा. हसणारे तेच, पण आता गंभीर चेहऱ्यांनी ऐकत होते.

"रोशनी, तुझ्या परंपरेशी खेळण्याचा आपल्याला अधिकार नाही," अमितदादा म्हणाला. "तुझं घर टेंभ्याचं. मग टेंभा तूच धरायचा. हा तुझ्या घराचा मान आहे. महोत्सवाच्या निवेदनात आपण तसं म्हणणार आहोत."

"आणि देवी?"

"देवी योगिनी बघेल."

"योगिनीचं घर देवीचं आहे का?"

अमितदादानं मोबाईल खिशात टाकला.

"रोशनी, प्लीज हं, पर्सनली घेऊ नको," योगिनी म्हणाली. "मला तर टेंभाच जास्त आवडला असता."

"मग घे की."

"अगं, असं कसं," अमितदादा मधे पडला. "शेवटी ओसरी ही तिच्या घरची..." आणि तो थबकला. पण निसटायचं ते निसटलं होतं. "म्हणजे आपल्या सगळ्यांचीच. कळलं ना तुला?"

कळलं. गावात निदान तोंडावर सांगतात की बाई, हे घरावर आहे. इथं बॅकग्राउंड कुणी बघत नव्हतं, कारण सगळ्यांना ते पाठ होतं.

त्याच वेळी उठून यायला हवं होतं. पण उठून जायचं कुठं? घरी जाऊन सांगितलं तर बाप म्हणणार, बरं झालं, आपलं तेच काम. म्हणजे दोन्हीकडून एकच उत्तर, एक भाकरीच्या वासाचं आणि एक रूम फ्रेशनरच्या वासाचं. म्हणून तिनं घरी काहीच सांगितलं नाही. ओसरीनं ऑनलाइन मागवलेला टेंभा हातात घेतला. आत छोटा पंखा, केशरी रेशमी कापड आणि खाली दिवा. बटण दाबलं की कापड फडफडायचं आणि ज्वाळेसारखं दिसायचं. योगिनीच्या पुढ्यात ती उलटी चालायला लागली. योगिनीची पावलं चुकायची, आणि चुकली की ती मुखवट्याआडून रोशनीलाच विचारायची, "आता उजवा ना?" रोशनी सांगायची. उजेडही तिनंच धरायचा, पावलंही तिचीच.

शेवटच्या तालमीला पाहुणे होते. पोशाखासकट, दिव्यांसकट. वेताच्या खुर्च्या मांडलेल्या, पहिल्या खुर्चीत योगिनीची आई. संबळ वाजायला सुरुवात होणार एवढ्यात मागचं दार उघडलं. वॉचमननं माळी समजून मागच्या बाजूनं आत सोडलेला पुंजा उभा होता. लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी.

"अरे, काका! या, या!" अमितदादा धावला. "मंडळी, हेच ते! ओरिजिनल!"

पाहुण्यांनी मोबाईल काढले. पुंजानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो सरळ रोशनीजवळ आला. आठवड्याभराचा अबोला मोडून तो बोलला तो असा, जणू मधे काही झालंच नव्हतं.

"गावाला गेल्तो. भिकाबाकडं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? सोंग त्याचं हाय ना? नारळ ठेवला, कोंबडं दिलं. म्हटलं, माझ्या पोरीला देवी धरायचीय." पुंजाला हसू आवरेना. "म्हातारा माझ्यावरच उखडला. म्हणतो, इतकं घाबरत काय विचारतो, नातवाला कंपनीत सुट्टी गावत नाय, यंदा देवी कोण नाचवल म्हणून मीच डोकं धरून बसलोय. धरू दे पोरीला. होळीला गावालाबी घेऊन ये म्हणला. अट एकच घातली. टेंभा तुझ्याच हातचा पाहिजे."

त्यानं पिशवीतून टेंभा काढला. काठी जुनीच, पण चिंध्या नव्या, घट्ट पिळून बांधलेल्या. आशाच्या फाटक्या हिरव्या लुगड्याच्या. खोलीत तेलाचा वास पसरला.

"उपास धरलास का नाय? नाय धरला तरी चालंल, तुझी आये धरून हाय. चल, मुखवटा चढव."

आणि मग त्याला तिच्या हातातलं ते फडफडणारं केशरी कापड दिसलं. पुंजानं त्याच्याकडे पाहिलं. मग समोर देवीचा मुखवटा चढवून उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं.

"हे काय? टेंभा तुझ्या हातात कसा?"

रोशनीनं तोंड उघडायच्या आत अमितदादा बोलला.

"काका, तुम्हाला आनंद होईल. आपण तुमचीच परंपरा पाळतोय! तुमचं घर टेंभ्याचं, म्हणून टेंभा रोशनीकडे."

"व्हय, पण भिकाबा हो म्हणला."

"भिकाबांचा आदर आहेच. पण असं कुणी एकानं हो म्हटलं म्हणून परंपरा थोडीच बदलते, काका?"

पुंजा गोंधळला. हे बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. नाशकात आल्यावर देवी बदलती का, असं त्यानंच आठवड्यापूर्वी घरात, एक चप्पल हातात घेऊन म्हटलं होतं. तेव्हा ते त्याला चांगलं वाटलं होतं. आता या थंडगार खोलीत, दुसऱ्याच्या तोंडून, ते त्याला कसंतरीच लागलं.

"ही पोरगी कुणाच्या घरची?" त्यानं मुखवट्याकडे बोट करून विचारलं.

"आमच्या संस्थापकांची नात."

"हां हां," पुंजा म्हणाला. परगावी गेल्यावर ओळख निघावी तशी त्यानं मान डोलावली. "म्हंजे तुमच्यातबी घरं हायती."

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. योगिनीच्या आईनं घड्याळ पाहिलं.

"तसं नाही हो, काका, आमच्याकडे तसलं काही नसतं," अमितदादा घाईनं म्हणाला. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "अमितदादा, मला गुदमरायला होतंय, लवकर ठरवा ना!" अमितदादानं दोन्ही हात जोडले आणि रोशनीकडे वळला. आवाजात एकदम मध आला.

"रोशनी, तू समजावून सांग ना बाबांना. तुला कळतं सगळं. तू तर आपलीच आहेस."

या एका वाक्यासाठी ती दोन वर्षं झाड होऊन उभी राहिली होती. आज ते मिळालं होतं, पाहुण्यांसमोर, फुकट. सगळे तिच्याकडे बघत होते. बाप बघत होता. हातात तेलानं माखलेला टेंभा, मान जराशी वाकडी, गावी मागचा खड्डा सांगायची तेव्हा ऐकायचा तशी.

रोशनीनं बटण दाबलं. रेशमी ज्वाळा फस्स करून खाली बसली. तिनं ती वस्तू योगिनीच्या आईच्या मांडीवर ठेवली, अगदी हळू, कुणाचं तरी तान्हं परत द्यावं तशी. मग मुखवट्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाठ फिरवून चालायला लागली.

"रोशनी? अगं, त्यांना काय सांगायचं ते तरी सांग!"

पुंजा तिच्यामागं निघाला तो सवयीनं उलटाच. दोन पावलं, मुखवट्याकडे तोंड करून. मग मधेच थांबला, त्या रंगवलेल्या कागदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळ झाला.

"उद्या प्रयोग आहे, रोशनी! टेंभा कोण धरणार? रोशनी!"

तिच्या चपला मागच्या दारापाशी होत्या. त्या आणायचं बापावर सोडून रोशनी पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून अनवाणी पुढच्या दारानं बाहेर पडली.